प्रदेश, हद्द आणि कादंबरी

माझ्या पहिल्या कादंबरीत एक मोठी चूक आहे, आणि ती मला कोणा समीक्षकाने दाखविलेली नाही. कादंबरी निघाली तेव्हा तिच्यावर चार-पाच परीक्षणे आली. बहुतेकांत ‘मातीचा अस्सल गंध’ हे शब्द होते. एका परीक्षणात तर ‘मराठवाड्याचा प्रदेश येथे स्वतःच बोलू लागतो’ असेही म्हटले होते. मी पडलो मॅट्रिक झालेला खेड्यातला मास्तर. (दहावीला आमच्याकडची जुनी माणसे अजून मॅट्रिकच म्हणतात.) अशा माणसाच्या पाठीवर शहाण्यासुरत्या मंडळींनी थाप मारली की तो सुखावतो. मीही सुखावलो. पुढे वर्षभराने शाळेच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आले. ते परतूर तालुक्यातल्याच, नव्वदीला टेकलेल्या एका गृहस्थांचे होते. मजकूर थोडका होता. तो असा:

“मास्तर, पुस्तक वाचले. माणसे ओळखीची वाटली. पण तुमचा शिवा चुकीच्या गावाला गेला. फसली १३५७ मध्ये परतूरच्या माणसाला जालन्याच्या जिल्हा कचेरीत कोण नेईल? जालना जिल्हा होता कुठे? आम्ही परभणीला जात होतो. शिवाय तुम्ही तालुकदाराला तहसीलदाराच्या हाताखाली बसविले आहे, ते वाचून हसू आले. सवड झाली म्हणजे भेटा.”

हे पत्र वाचून मला जी शरम वाटली तिच्यातूनच हा लेख निघाला आहे. म्हणून आधी माझ्या चुका नीट मांडतो. माझ्या कादंबरीतला शिवा हा परतूर भागातला तरुण. १९४८ च्या उन्हाळ्यात त्याला पोलीस धरतात आणि जालन्याला जिल्ह्याच्या कचेरीत उभे करतात. आता जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्या दिवशी औरंगाबाद जिल्ह्यातले जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके आणि परभणी जिल्ह्यातला परतूर तालुका एकत्र करून तो बनविण्यात आला. तेव्हा १९४८ साली शिवाला जालन्याला नेणे म्हणजे पुढच्या तेहतीस वर्षांनंतरचा नकाशा त्याच्या पायाखाली अंथरणे होय. दुसरी चूक तारखेची. निजामी कचेरीचा कागद इंग्रजी महिन्यांवर चालत नसे. तो फसली सनावर, आजुर, दै, बहमन अशा महिन्यांवर चाले. माझ्या कादंबरीतला कारकून मात्र ‘एप्रिल’ लिहितो. तिसरी चूक हुद्द्याची. हैद्राबाद संस्थानात तालुकदार म्हणजे तालुक्याचा अधिकारी नव्हे. जिल्ह्याचा वरिष्ठ अधिकारी, आजच्या भाषेत कलेक्टर, त्याला तालुकदार म्हणत. तालुक्याला असे तो तहसीलदार. मी नावावरून पदाचा अंदाज केला आणि साहेबाला शिपायाच्या रांगेत बसविले.

या चुका किरकोळ आहेत असे कोणी म्हणेल. मलाही पहिल्यांदा तसे वाटले. पुढच्या आवृत्तीत ‘जालना’ खोडून ‘परभणी’ लिहावे, ‘एप्रिल’च्या जागी ‘खुर्दाद’ लिहावे, की झाले. ते तसे का झाले नाही हे मी शेवटी सांगणार आहे. आधी प्रश्न असा की, जे परीक्षक माझ्या कादंबरीत मराठवाड्याचा प्रदेश स्वतः बोलताना ऐकत होते, त्यांच्यापैकी एकालाही तो प्रदेश खोटे बोलतो आहे हे का कळू नये? ते अज्ञानी होते असे मी म्हणणार नाही. मला वाटते, दोष आपल्या ‘प्रादेशिक’ या शब्दाच्या अर्थातच आहे.

आपल्या टीकेत प्रादेशिक कादंबरी म्हटली की तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली निसर्ग, दुसरी बोली, तिसरी चालीरीती. नदी कोणती, बाभळ आहे की सुरू, बाई ‘व्हय’ म्हणते की ‘हाव’ म्हणते, सण कसा साजरा होतो, हे जमले की प्रदेश जमला. प्रदेशाची ही कल्पना शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचते आणि तेथेच थांबते. पण खेड्यातला माणूस फक्त जमिनीवर राहत नाही. तो कोणाच्या तरी दफ्तरातही राहतो. त्याचा जन्म कोणत्या भाषेत नोंदला गेला, सारा कोणत्या नाण्यात भरला, भांडण झाले तर कोणत्या गावच्या पायऱ्या चढायच्या, मुलाला चौथीनंतर कोणत्या भाषेत शिकवायचे, हे सारे हद्दी ठरवितात. नदी आणि बाभळ यांच्याइतकाच हाही प्रदेश आहे. फरक इतकाच की नदी जागची हलत नाही आणि हद्द हलते.

आमच्या भागापुरते बोलायचे तर ती किती वेळा हलली हे एकदा क्रमाने पाहिले पाहिजे, कारण आमच्याकडच्या शिकलेल्या माणसांनाही तो क्रम ठाऊक नसतो. जालन्याहून सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे माहेर एस.टी.ने तासाभराच्या वाटेवर आहे. पण १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि त्या वाटेवर एक रेघ ओढली गेली. अलीकडे निजामाचा अंमल, पलीकडे कंपनीचा आणि मग राणीचा. अलीकडे उर्दू कचेरी, पलीकडे मराठी शाळा. सोयरीक दोन्हीकडे होती, बाजार दोन्हीकडे होता, पण सरकार दोन होते. पुढे १८६५ च्या सुमारास पहिल्या सालारजंगांनी जिल्हाबंदी केली आणि संस्थानात आजच्या अर्थाने जिल्हे आले. संस्थानाच्या अखेरीस सोळा जिल्हे होते. त्यांतले औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी. त्या जिल्ह्यांतही सगळी गावे सारखी नव्हती. काही दिवाणी म्हणजे सरकारी, काही जहागिरीची, काही निजामाच्या खाजगी खर्चाच्या सर्फे-खास मुलुखातली. शेजारशेजारच्या दोन गावांतल्या कुणब्यांचे मालक वेगळे असत.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपले. १९४९ साली जहागिरी गेल्या, सर्फे-खास मुलूख सरकारात मिळाला. १९५३ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांचा राज्यपुनर्रचना आयोग नेमला गेला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैद्राबाद हे राज्य नकाशावरून पुसले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात आला. ‘पाच जिल्हे आले’ असे आपण सहज म्हणतो. पण कायदा वाचला म्हणजे दिसते की रेघ जिल्ह्यावरून गेली नाही, ती तालुक्याच्या आत शिरून महसुली सर्कलांमधून गेली. नांदेड जिल्हा आला, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले मागे राहिली. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलेही राहिली. उलट बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके इकडे आले. त्याच जिल्ह्यातली भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेली. आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा आले, बोथ तालुक्यातले एकटे इस्लापूर सर्कल आले. त्यातले राजुरा आधी नांदेडात बसविले आणि १९५९ साली चांद्याला जोडले.

भैंशाच्या एखाद्या म्हाताऱ्या मराठी माणसाचा विचार करा. तो जन्मला तेव्हा हैद्राबाद संस्थानात, नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ नंतर आंध्र प्रदेशात, आदिलाबाद जिल्ह्यात गेला. २०१४ साली तेलंगणात आला, आणि २०१६ साली निर्मल हा नवा जिल्हा झाला तेव्हा त्यात. या सगळ्या काळात त्याने कदाचित घराचा उंबरादेखील बदलला नसेल. त्याचा मामा देगलूरला असेल तर तो मुंबई राज्यातून महाराष्ट्रात आला. एका घरच्या दोन बहिणींची मुले वेगळ्या भाषांतली पुस्तके घेऊन शाळेत गेली. हे नुसते इतिहासाचे कोष्टक नव्हे. यात विरह आहे, विनोद आहे, भाऊबंदकी आहे, भाषेचा अपमान आहे. कादंबरीला आणखी काय लागते?

मग महाराष्ट्र झाला. १ मे १९६० रोजी त्यात सव्वीस जिल्हे होते. आज छत्तीस आहेत. नव्या दहांतला जालना हा सिंधुदुर्गाबरोबर, एकाच दिवशी, पहिल्यांदा जन्मला. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर निघाला, १९९९ साली परभणीतून हिंगोली निघाला. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. मी स्वतः ज्या वर्षी जन्मलो त्याच वर्षी माझा जिल्हा जन्मला. त्यामुळे मला तो डोंगरासारखा अनादि वाटत आला. माझ्या चुकीचे खरे मूळ हेच. आपण ज्या हद्दीत जन्मतो ती आपल्याला निसर्गासारखी वाटते, आणि लेखकाला जे निसर्गासारखे वाटते त्याच्याकडे तो पाहत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. कादंबरी माणसाच्या मनाची असते. कलेक्टर कोठे बसतो याच्याशी तिला काय करायचे? रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ घ्या. १९७१ सालची ही कादंबरी पार्वती आपल्या तोंडाने, आपल्या बोलीत सांगते. तिच्या शिंपी नवऱ्याचे घर गावात कसे उन्हाळते हे कळण्यासाठी जिल्ह्याचे नाव कळण्याची गरज नाही. मी हे मान्य करतो. त्या कादंबरीचे दुःख गावकुसाच्या आत पुरे होते, आणि ते इतके पुरे होते की बाहेरचे काही आणले असते तर ते ठिगळ झाले असते. हद्द प्रत्येक कादंबरीत आलीच पाहिजे असे माझे म्हणणे नाही.

पण दुसरे उदाहरण घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली निघाली. तिला आपण माणदेशाची, धनगरांची, मेंढरांची, दुष्काळाची कादंबरी म्हणून शिकतो आणि शिकवितो. मी मास्तर असल्यामुळे ती मास्तराची कादंबरी म्हणून वाचली. त्या तरुण मास्तराची नोकरी औंध संस्थानाची आहे. वाडीला आणि जगाला जोडणारा धागा म्हणजे ती नोकरी. वाडी तालीम बांधते आणि तालमीसाठी खुद्द राजा येतो. धनगराच्या वाडीला राजा भेटू शकतो, कारण ते राज्य तेवढे लहान आहे. औंध १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. आटपाडीकडचा मुलूख पुढे दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला, आणि त्या जिल्ह्याचे नाव १९६० साली सांगली झाले. मोठ्या प्रांतातल्या जिल्ह्यात ती तालीम बांधली असती तर फार तर एखादा मामलेदार आला असता. म्हणजे ‘बनगरवाडी’तले ते भोळे, सणासारखे प्रकरण एका विशिष्ट हद्दीच्या आतच घडू शकते. माडगूळकर याचा गाजावाजा करीत नाहीत. त्यांना ते ठाऊक आहे, एवढेच. आणि लेखकाला ठाऊक असणे वाचकाला जाणवते, त्याला कारण सांगता आले नाही तरी.

मराठवाड्यात असा ठाऊक असलेला लेखक झाला नाही काय? झाला, आणि तो आमच्याच तालुक्यात जन्मला. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१३ रोजी सातोन्यास झाला. सातोना हे परतूर तालुक्यातले, रेल्वेलगतचे गाव. तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होते, १९८१ पासून जालना जिल्ह्यात आहे. परभणीचे लोक त्यांना परभणीचे म्हणतात, ते बरोबर आहे, कारण त्यांची सारी हयात परभणीत गेली. आमच्याकडचे लोक अलीकडे त्यांना जालन्याचे म्हणू लागले आहेत. नकाशाने तेही बरोबर आहे. दोघांच्याही ध्यानात येत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. बी. रघुनाथ ७ सप्टेंबर १९५३ रोजी वारले. त्या वेळी राज्यपुनर्रचना आयोग नेमलाही गेला नव्हता. ते जन्मले हैद्राबादेत आणि वारले हैद्राबादेत, संस्थानात नाही तरी त्याच नावाच्या राज्यात. महाराष्ट्र राज्य त्यांनी पाहिले नाही, मुंबई राज्यातला मराठवाडाही पाहिला नाही. ज्याला आपण महाराष्ट्राचा लेखक म्हणून खणात ठेवतो तो एक दिवसही महाराष्ट्राचा नागरिक नव्हता.

हा शब्दच्छल नव्हे. त्यांचे लिखाण समजण्यासाठी हे लक्षात ठेवावे लागते. हैद्राबादेत मॅट्रिक होऊन ते परभणीला बांधकाम खात्यात कारकून झाले. म्हणजे दिवसा उर्दू दफ्तर आणि रात्री मराठी कविता. त्यांच्या पुस्तकांची नावे पाहिली तरी हे दोन दिवे दिसतात. कथासंग्रहांना ‘साकी’, ‘फकीराची कांबळी’, ‘छागल’ अशी नावे. कवितेला ‘आलाप आणि विलाप’. कादंबऱ्यांना ‘हिरवे गुन्हे’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’. पुण्यामुंबईच्या त्या काळच्या टीकेला ही भाषा कोठे ठेवावी हे कळले नाही. उर्दूकडे झुकलेले त्यांचे शब्द काहींना नखरा वाटले, काहींना दरबारी रंगेलपणा वाटला. वस्तुतः ती त्यांच्या टेबलावरची भाषा होती. कोकणातल्या लेखकाने ‘माड’ लिहिला तर आपण त्याला प्रादेशिक म्हणतो. परभणीच्या कारकुनाने ‘साकी’ लिहिले की त्याला गझलेची लागण झाली म्हणतो. हा न्याय नव्हे. माड हा कोकणचा निसर्ग असेल तर उर्दू हा आमच्या कचेरीचा निसर्ग होता.

दुसरे असे की, बी. रघुनाथांनी खेड्यापेक्षा तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावातला पगारी माणूस लिहिला, म्हणजे दफ्तर आणि गाव यांच्या मधोमध बसलेला. त्याला वरच्याची भीती आणि खालच्याची लाज. ‘माती’ शोधणाऱ्या टीकेला अशा माणसात प्रदेश दिसला नाही. तिला प्रदेश नांगरामागेच हवा होता. मला वाटते, मराठवाड्याच्या कादंबरीचा एक रस्ता तेथून निघाला होता आणि तो आपण बुजविला. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५४ साली, ‘आडगावचे चौधरी’ निघाली आणि पुढच्या दोन वर्षांत ते ज्या राज्यात राहिले ते राज्यच गेले. त्यांच्या मागून येणाऱ्या आम्हा लेखकांना शाळेत मराठी आणि कचेरीतही मराठी मिळाली, आणि बापाच्या कचेरीत काय भाषा होती हे आम्ही विसरलो. रझाकारांच्या त्या दिवसांना भिडण्याचे धैर्य नंतर ना. धों. महानोरांनी ‘गांधारी’त दाखविले. तरी त्या दिवसांतला अत्याचार आपल्या साहित्यात जितका आला, तितका त्या राजवटीतला रोजचा कागद आला नाही. अत्याचार चार-दोन वर्षांचा होता. कागद शंभर वर्षांचा होता.

आणि तो कागद मेलेला नाही. जालना जिल्ह्यातल्या, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत २०२३ साली मराठा आरक्षणासाठी उपोषण झाले, आणि शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती निजामकालीन नोंदी शोधण्यासाठी नेमली. २०२५ च्या सप्टेंबरात हैद्राबाद गॅझेटिअरच्या आधाराचा शासन निर्णय निघाला. त्या मागणीच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही; तो या लेखाचा विषय नाही. मी एवढेच पाहिले की, ज्यांना उर्दूचे अक्षर ओळखत नाही असे तरुण पणजोबाच्या नावाचा कागद हातात धरून वाचणारा शोधीत होते. १९५६ साली पुसलेल्या राज्याचे दफ्तर सत्तर वर्षांनी माणसाला तू कोण आहेस हे सांगत होते. ज्या भागात हे घडते, त्या भागाच्या कादंबरीत दफ्तर नसेल तर ती कादंबरी कितीही मातीत लोळली तरी अपुरी आहे. यात मी माझी कादंबरी धरतो. पहिल्यांदा तीच धरतो.

आता त्या दुरुस्तीविषयी. पोस्टकार्ड लिहिणाऱ्या काकांना मी भेटायला गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी म्हटले, “काका, चूक झाली.”

“चूक तुमची एकट्याची नाही, मास्तर,” ते म्हणाले. “माझा नातू मला जालना जिल्ह्यात जन्मलेला समजतो. मी याच ओट्यावर तीन राज्ये आणि दोन जिल्हे काढले. गाव हललं नाही, मी हललो नाही. कागद तेवढे हलले.”

घरी येऊन मी ‘जालना’ खोडून ‘परभणी’ लिहायला बसलो, आणि प्रकरण हातात राहिना. माझ्या कादंबरीत शिवाची बहीण जालन्यास दिलेली आहे. ती कचेरीबाहेर भाकरी घेऊन उभी राहते. परीक्षकांनी हाच प्रसंग वाखाणला होता. पण परभणीस बहीण कोठली? परतूरच्या स्टेशनावर जालन्याची गाडी पश्चिमेला जाते, परभणीची पूर्वेला. रूळ तेच, दिशा उलटी. शिवाला पूर्वेच्या गाडीत बसविले आणि बहीण मागे राहिली, भाकरी मागे राहिली. कचेरीच्या पायरीवर त्याला ओळखणारे कोणी उरले नाही. त्याला प्रश्न विचारतात ते उर्दूत. त्याला उर्दू येत नाही. मधे एक दुभाष्या लागतो. तो कोण? तो परभणीतला एखादा मराठी कारकून असणार, दिवसा या बाजूला आणि रात्री त्या बाजूला असलेला. हा माणूस माझ्या कादंबरीत नव्हता. तो आल्यावर शिवा काय बोलला यापेक्षा कारकुनाने काय भाषांतर केले याला महत्त्व आले. त्याने एक शब्द सौम्य केला तर शिवा सुटतो. तो आपली नोकरी सांभाळतो तर शिवा अडकतो. एका जिल्ह्याचे नाव दुरुस्त करताना मला कादंबरीचा मध्यबिंदू बदलावा लागला. हद्द ही कथेच्या बाहेरची गोष्ट असती तर असे झाले नसते.

तेव्हा माझ्या बरोबरीच्या आणि मागून येणाऱ्या लेखकांना माझी विनंती साधी आहे. आपल्या साहित्यकोशांत लेखकांच्या जन्मगावापुढे ‘जि. परभणी, आता हिंगोली’, ‘जि. उस्मानाबाद, आता लातूर’ असे लिहिलेले असते. नरहर कुरुंदकरांच्या नांदापुराचीही तीच गत आहे: परभणीतले गाव आज हिंगोलीत आहे. त्या ‘आता’ शब्दापाशी थोडे थांबावे. तालुक्याच्या अभिलेखात जाऊन आपल्या गावचे खासरा पत्रक एकदा पाहावे, वाचता येत नसेल तर वाचणारा शोधावा. आणि टीकाकारांना विनंती अशी की, आमच्या पुस्तकात मातीचा वास आला म्हणजे लगेच डोळे मिटू नयेत. त्या मातीचा सारा कोण घेत होता, तेही विचारावे.

नवे प्रकरण मी गेल्या उन्हाळ्यात काकांना वाचून दाखविले. ते शेवटपर्यंत गप्प होते. मला वाटले, आता शाबासकी मिळणार. ते म्हणाले, “कारकून बरा उतरला. पण शिवाच्या बापाने वकिलाला दहा रुपये दिले असं लिहिलंय. कोणते? हाली की कलदार? सात हालीला सहा कलदार मिळत होते, मास्तर. गरिबाच्या घरी तो फरक कळत होता.”

मी वही उघडली आणि ते पान पुन्हा लिहायला घेतले.